मदत हवी आहे: उबंटूचं पार्टिशन भरलं, मोकळी जागा डाव्या बाजूला आहे, वाढवू कसं?

नमस्कार मंडळी, घरचा डेस्कटॉप आहे, ५१२ जीबी एसएसडी, त्यावर विंडोज १० आणि उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून मी माझं सगळं काम उबंटूवरच करतो, पण बाबांच्या दुकानाचा हिशोब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ते विंडोजवरच चालतं म्हणून ते काढता येत नाही. उबंटू टाकताना मी त्याच्या पार्टिशनला (डिस्कचा वेगळा केलेला भाग) फक्त ३० जीबी दिले होते, तेव्हा वाटलं खूप झाले, आता जेमतेम दीड जीबी उरलेत आणि अपडेटसुद्धा अडकतात.

काल विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राईव्ह श्रिंक (लहान) करायला गेलो. आत २४० जीबी रिकामे असूनही फक्त ११ जीबी कमी करता येतील म्हणाला. शोधल्यावर कळलं की हायबरनेटची फाईल, पेजफाईल, रिस्टोअर पॉइंट असलं विंडोजचं स्वतःचं काही ड्राईव्हच्या मधेच बसलेलं असतं आणि विंडोज चालू असताना ते हलत नाही, म्हणून तिन्ही बंद केलं, रिस्टार्ट मारला, मग ६० जीबी सुटले.

पण आता क्रम असा झालाय: ईएफआय (बूटच्या फाईलींचं छोटं पार्टिशन), सी ड्राईव्ह, मग मोकळे ६० जीबी, मग उबंटू, शेवटी रिकव्हरी. म्हणजे जागा उबंटूच्या आधी आहे. पेनड्राईव्हवरून बूट करून जीपार्टेडमध्ये (पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर) उबंटूची डावी कड ओढली की तो इशारा देतो की कदाचित बूट होणार नाही, तिथेच थांबलो. असं केलं तर ग्रब (मशीन चालू होताना विंडोज की उबंटू विचारणारा मेनू) जाईल का? आणि बाबांच्या हिशोबाला धक्का लागेल का? आमच्याकडे लाईट कधीही जाते, यूपीएस दहा मिनिटं टिकतो. हिशोबाचा बॅकअप घेतलाय, तरी पाच वर्षांचा डेटा आहे हो, जीव वरखाली होतोय.

प्रतिसाद १:
थांबलास ते फार बरं केलंस. सी ड्राईव्हला यात हात लागत नाही आणि यूईएफआय (नव्या पद्धतीने बूट होणारं) मशीन असेल तर ग्रबही शक्यतो जात नाही, तो पार्टिशन यूयूआयडीवरून (पार्टिशनचा ओळख क्रमांक) शोधतो आणि हलवल्यावर यूयूआयडी बदलत नाही. खरी भीती लाईटची. डावी कड हलवायची म्हणजे आतला सगळा डेटा उचलून पुढे आणावा लागतो, मधेच लाईट गेली तर अर्धा इकडे अर्धा तिकडे, उबंटू गेलंच समज.

त्यापेक्षा हलवूच नकोस. त्या ६० जीबीचं नवीन ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) पार्टिशन कर आणि होम फोल्डर (तुझ्या स्वतःच्या फाईली असतात तो) तिकडे ने. मात्र आधी डिस्क युसेज ॲनालायझर उघडून बघ जागा खाल्लीय कोणी, स्नॅप नाहीतर डॉकरने (ॲप टाकायच्या, चालवायच्या सोयी) खाल्ली असेल तर ते व्हारमध्ये (सिस्टिमचं वेगळं फोल्डर) असतं, होम हलवून काही फायदा नाही.

मूळ धागाकर्ता:
बघितलं दादा. होममध्ये १६ जीबी, त्यातले ११ नुसते क्यूजीआयएसचे (नकाशांचं सॉफ्टवेअर) सॅटेलाईट फोटो. व्हार ४ जीबी. मग होमच नेतो.

प्रतिसाद १:
मग सोपं आहे. पेनड्राईव्हवरूनच बूट कर, आरसिंकने (कॉपी करायची कमांड) परमिशनसकट कॉपी कर, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी असलेली फाईल) नव्या पार्टिशनचा यूयूआयडी लिही. जुन्या होमचं फक्त नाव बदल आणि त्याच नावाचं रिकामं फोल्डर ठेव, डिलीट चार दिवसांनी. एफएसटॅबमध्ये एक अक्षर चुकलं तरी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊ शकतं, तेव्हा पेनड्राईव्ह पुसू नकोस, त्यावरूनच दुरुस्त होईल. कॉपी करताना लाईट गेली तरी मूळ डेटा जागेवरच आहे, परत चालव. आणि विंडोजची पेजफाईल, रिस्टोअर परत चालू कर, हायबरनेट मात्र बंदच राहू दे, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं) उबंटूमधून सी ड्राईव्हवर लिहिता येणार नाही.

मूळ धागाकर्ता:
झालं!! कॉपी चालू असताना एकदा लाईट गेलीच, परत चालवली. बाबांचा हिशोब उघडून बघितला, सगळं जागच्या जागी आहे. मनापासून आभार दादा.