मदत हवी आहे: ऑटोकॅडचं काउंट टेबल जुन्या आवृत्तीत नीट उघडतं का?

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) २०२४ आलंय. रेषा छाटायची ट्रिम कमांड थेट क्विक मोडमध्ये (आधी कडा न निवडता) सुरू होते म्हणून जुने लोक कुरकुरत होते. ट्रिमएक्स्टेंडमोड हे सेटिंग ० केलं, जुनी पद्धत परत आली, विषय संपला.

खरी मजा काउंटची. २०२२ च्या आवृत्तीपासून आलेली ही कमांड दारं-खिडक्यांचे ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायची तयार चित्रं) मोजून ड्रॉइंगवरच टेबल टाकते. प्रिंटवर पेन्सिलने डी-१, डब्ल्यू-२ टिक करत बसणं सुटलं एकदाचं! पण बेलापूरचे आमचे कन्सल्टंट अजून २०१६ वर आहेत, त्यांना फाइल २०१३ फॉरमॅटमध्येच द्यावी लागते. त्यांच्याकडे टेबलातले आकडे तसेच राहतील, की फील्ड (आपोआप बदलणारा मजकूर) अपडेट होताना उडतील? टेबल एक्स्प्लोड न करता (म्हणजे सुट्या रेषा-अक्षरांत न फोडता) कुणी पाठवलंय का? शुक्रवारी सेट द्यायचाय.