जुनी आरएस घ्यायची आहे: २००५ ची ऑक्टाव्हिया, २०१२ ची लॉरा की २०१७ ची ऑक्टाव्हिया?

रंकाळा_टर्बो

नमस्कार मंडळी. स्कोडाची जुनी आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची स्पोर्टी आवृत्ती, घ्यायची आहे. तीन पिढ्यांच्या तीन गाड्या नजरेत आहेत. २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, एमएच ०९ पासिंग, १ लाख ३४ हजार किमी, मागणी साडेतीन लाख. २०१२ ची लॉरा आरएस (दुसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचं आपल्याकडचं नाव), एमएच १२, ८६ हजार किमी, सव्वासहा लाख. आणि २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३०, गोवा पासिंग, ५८ हजार किमी, सतरा लाख.

रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी आहे. ही शनिवार-रविवारची: गगनबावडा, आंबोली, अधूनमधून पुणे. काम इथं कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या गॅरेजमध्येच करून घेणार. सतरा लाख उभे करता येतील, पण मग हातात काही उरत नाही. मॅन्युअल गिअर आवडतो, तरी तेवढ्यावर निर्णय घ्यायचा नाही. कुठल्या पिढीत काय जातं आणि बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं, ते सांगा.

चेन_किटकिट

दादा, आधी एक गोष्ट पक्की करा. परदेशातले रिव्ह्यू वाचून या गाड्यांची तुलना करू नका. पहिली ऑक्टाव्हिया आरएस युरोपात १८० पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, हॉर्सपॉवरसारखी) होती, आपल्याकडे १५० पीएसची आली. लॉरा आरएसचंही तसंच: तिकडे २.० लिटर, २०० पीएस, इकडे १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), १६० पीएस आणि २५० एनएम टॉर्क. म्हणजे साध्या लॉरा टीएसआयचंच इंजिन. आरएसमध्ये बंपर, चाकं, सीट आणि सस्पेन्शन वेगळं. त्यामुळे साध्या टीएसआयला आरएसचे बंपर आणि बिल्ला लावून विकणं अगदी सोपं आहे. आरसी बुकातलं मॉडेलचं नाव आणि सर्व्हिस बुकातलं बिल्ड स्टिकर जुळवल्याशिवाय टोकन देऊ नका.

आता लॉराचा खरा प्रश्न. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी बंद असताना दाब नसतो, तेव्हा आतली खाच-कुत्री (रॅचेट) प्लंजरला, म्हणजे चेन दाबणाऱ्या दांड्याला, जागेवर धरते. जुन्या बनावटीच्या टेन्शनरमध्ये ही कुत्री झिजते किंवा तुटते. मग प्लंजर मागे सरकतो, चेन ढिली पडते आणि स्टार्टर मारताच दात सोडते. हे इंटरफिअरन्स इंजिन आहे: टायमिंग सुटलं की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावं लागतं. कंपनीने नंतर टेन्शनरची बनावट सुधारली, पण २०१२ च्या गाडीत जुनाच असण्याची दाट शक्यता आहे. बिलावर टेन्शनर बदलल्याची नोंद नसेल तर तो जुनाच आहे असं धरून चाला.

तपासायचं असं. गाडी रात्रभर उभी असायला हवी. मालकाला सांगून ठेवा की आधी चालू करू नका. तुम्ही पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा, कोमट लागली तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन चालू करताना उजव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या चाकाकडे कान द्या. दोन-तीन सेकंद खडखड झाली तर टेन्शनर आणि चेनचा खर्च धरूनच बोला. पुढची पायरी स्कॅनरची. मेझरिंग ब्लॉक ०९३ मध्ये (स्कॅनरवरचा आकड्यांचा एक गट) कॅमशाफ्टची फेज पोझिशन दिसते; ती उणे ४ अंशांच्या पलीकडे गेली असेल तर चेन लांबल्याचा संशय घ्यायचा. शेवटची खात्री डोळ्यांनी. खालच्या टायमिंग कव्हरला रबरी बूच असेल तर ते काढून बोरोस्कोप आत घाला आणि प्लंजरवरच्या बाहेर आलेल्या खाचा मोजा. एक-दोन दिसल्या तर चेन चांगली, सहा किंवा जास्त दिसल्या तर चेन संपली. कुठल्या बनावटीचा टेन्शनर आहे तेही तिथंच कळतं.

बदलायचं ठरलं तर नुसता टेन्शनर टाकून कव्हर बंद करू नका. चेन, गाइड, क्रँकचं पुढचं सील, कव्हरचे नवे बोल्ट आणि क्रँक पुलीचा नवा बोल्ट, सगळं एकदम. पुलीचा बोल्ट १५० एनएम आणि वर ९० अंश असा आवळतात, तो परत वापरायचा नसतो. कॅमशाफ्ट लॉक करायचं टूल ज्याच्याकडे नाही त्याला हे काम देऊच नका, ओळख कितीही जुनी असो.

आणि गाडी घेतलीत तर पन्हाळ्यावर उतारावर लावताना फक्त गिअरच्या भरवशावर सोडू नका. गाडी मागे ओढली गेली की इंजिन उलटं फिरायला बघतं, आणि थकलेल्या टेन्शनरला नेमकं तेच झेपत नाही. आधी हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडी त्यावर टेकू द्या, मग गिअर.

बाकीच्या तीन गोष्टी थोडक्यात. ऑइल खाणं: हजार किमीला अर्धा लिटरपर्यंत कंपनी चालवून घेते, पण प्रत्यक्षात तेवढं लागत असेल तर पिस्टन रिंग अडकल्यात असं समजा. दोन सर्व्हिसच्या मधली ऑइलची बिलं मागा. पीसीव्ही (इंजिनातली वाफ-वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह): इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण उचलून बघा, ते आत ओढल्यासारखं घट्ट बसलं असेल आणि वर शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पडदा फाटलाय. तसाच चालवला तर पुढे गिअरबॉक्सकडचं क्रँक सील जातं. तिसरं, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग. ते इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेलं असतं, म्हणून गिअरबॉक्सच्या वर वाळलेल्या गुलाबी कूलंटचे डाग शोधा.

लेथवाला_उद्यमनगर

माझं मत वेगळं आहे, रंकाळाभाऊ. २००५ च्या ऑक्टाव्हियाला उगाच मागं टाकू नका. उद्यमनगरात काम करणार म्हणताय, तर ही गाडी त्याच कामाची आहे. टायमिंगला बेल्ट आहे. ब्लॉक बिडाचा आहे, बोअरिंग-होनिंग इथं कुठल्याही चांगल्या वर्कशॉपात होतं. पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं पोर्टमध्ये उडतं, त्यामुळं व्हॉल्व्ह धुतले जातात. लॉरात डायरेक्ट इंजेक्शन आहे. तिथं इनटेक व्हॉल्व्हवर काजळीचा थर चढतो, सकाळी थंड असताना मिसफायर होतो, आणि मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीनं ब्लास्टिंग करावं लागतं. ८६ हजार किमीच्या लॉराला ते झालंय का, एवढं विचारा. झालं नसेल तर त्याचेही पैसे धरा.

१.८ टर्बोत बघायचं ते असं. बेल्टचं बिल नसेल तर गाडी घरी आणल्या आणल्या बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्र बदला. पंप घेताना धातूच्या इम्पेलरचा घ्या. जुन्या प्लास्टिकच्या इम्पेलरला चिरा जातात, तो शाफ्टवर नुसता फिरत राहतो आणि घाटात टेंपरेचर चढतं. या इंजिनाला साधं मिनरल ऑइल घालून कुणी दहा-दहा हजार किमी चालवलं असेल तर आत काळा गाळ साठतो. ऑइल भरायच्या तोंडातून आत टॉर्च मारा. कॅमवर पिवळसर-तपकिरी चमक चालते, काळी साय नको. साय दिसली तर संप (इंजिनाखालचा ऑइलचा टब) उतरवून पिकअपची, म्हणजे ऑइल ओढून घेणाऱ्या नळीची, जाळी साफ केल्याशिवाय टर्बोवर जोर टाकू नका. जाळी तुंबली की आधी टर्बोचं बेअरिंग उपाशी मरतं.

कॉइल पॅक हे या इंजिनाचं जुनं दुखणं आहे, एक जादाची डिकीत ठेवा. इनटेकखालचे व्हॅक्यूम पाइप आता वीस वर्षांचे झालेत, हाताने दाबले की मोडतात. सगळे सिलिकॉनचे करून घ्या, निम्म्या बारीक तक्रारी तिथंच संपतात. हेडच्या बाजूचा कूलंटचा प्लास्टिक फ्लँज आणि त्यातला टेंपरेचर सेन्सरही एकत्रच बदला. पेट्रोलचे रबरी पाइप तर न बघताच बदला, कारण २००५ चं रबर आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही. पाइप इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचा मागा, दुकानदार देईल तो मीटरवरचा काळा पाइप नको.

एक खरं सांगायचं तर मागचं सस्पेन्शन टॉर्शन बीमचं आहे. आंबोलीच्या खराब वळणावर लॉराचं मल्टी-लिंक हिच्यापेक्षा निश्चित चांगलं बसतं.

रंकाळा_टर्बो

दोघांचे आभार. लॉराच्या मालकाला टेन्शनरचं विचारलं, "कंपनीत सर्व्हिस झालीय, सगळं ओके" एवढंच उत्तर आलं. आणि गाडी रिमॅप केलेली (कॉम्प्युटरमध्ये बदल करून ताकद वाढवलेली) असेल तर कसं ओळखायचं? आरएस २३० बद्दलही कुणीतरी लिहा.

ओला_क्लच

२३० बद्दल मी लिहितो. तिन्हींत इंजिन म्हणून हीच सर्वांत निर्धास्त. २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० एनएम. चेनचा तो जुना प्रश्न या पिढीत राहिलेला नाही. वॉटर पंप-थर्मोस्टॅटचं हाउसिंग मात्र इथंही गळतं, डाग तिथंच शोधा.

हिचा जीव गिअरबॉक्समध्ये आहे. सहा गिअरचा डीक्यू २५०, म्हणजे डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, ऑइलमध्ये बुडालेले दोन क्लच. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची बदनामी हिच्या माथी मारू नका, तो वेगळा गिअरबॉक्स. पण याचं ऑइल दर ६० हजार किमीला बदलावंच लागतं. तुमची गाडी ५८ हजारावर आहे, म्हणजे विकणारा नेमका त्या खर्चाच्या तोंडावर विकतोय. फिल्टर बॅटरीच्या ट्रेखाली, वरच्या बाजूला, २४ चा सॉकेट लागतो. खाली १४ मिमीचा हेक्स बोल्ट काढला की थोडंच ऑइल येतं, कारण आत प्लास्टिकची लेव्हलची नळी असते. ती ८ मिमीच्या हेक्सने काढली की बाकीचं उतरतं. पाच-साडेपाच लिटर बसतं. नळी परत लावून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर गिअरबॉक्सचं ऑइल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना जादाचं ऑइल वाहून जाऊ द्यायचं. थेंब-थेंब झालं की बोल्ट बंद. स्कॅनरशिवाय "अंदाजे" भरणारा मेकॅनिक असेल तर हे काम पुण्याला करा.

चालवताना बघा: कावळा नाक्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत न्या. थरथर जाणवली तर क्लच किंवा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट). उभ्या गाडीत न्यूट्रलला खळखळ आणि ड्राइव्हला टाकल्यावर ती बदलली तर ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दुहेरी चाक).

तरीही माझा सल्ला सरळ आहे: हातात दोन लाख शिल्लक राहत नसतील तर २३० घेऊ नका. चांगली गाडी पैशाअभावी अर्धवट सर्व्हिसवर चालवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

चेन_किटकिट

रिमॅपबद्दल. लॉराची चाचणी शिरोलीपासून हायवेला घ्या. रस्ता मोकळा आणि मागे कुणी नाही हे बघून पाचव्यात १५०० ते १८०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर. स्पीडोमीटर मागे राहून आरपीएम एकदम वर पळाला तर क्लच घसरतोय. मूळच्या २५० एनएमवर ८६ हजारात क्लच सहसा असा घसरत नाही. घसरत असेल तर एक तर शहरात घासलाय किंवा टॉर्क वाढवलाय. मग एअर फिल्टर, डाउनपाइप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह मूळचे आहेत का बघा. मूळ भाग परत बसवलेले असतील तर बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा असतात.

नंतर वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ. खिडक्या खाली, रेडिओ बंद. खड्ड्यात समोरून 'टक' आवाज आला तर लिंक रॉड. स्टीअरिंग पूर्ण वळवताना स्प्रिंग 'टंग' वाजली तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग. ब्रेक मारताना 'धप' झालं तर लोअर आर्मचा मागचा बुश. तिन्ही किरकोळ, पण भाव करताना मोजा. वर पोचल्यावर पाच मिनिटं आयडलला ठेवा आणि एकदा रेस करा. मागे निळा धूर दिसला तर तिथूनच परत फिरा.

पावसाळी मुलूख आहे, म्हणून आणखी एक. वायपरखालच्या पन्हाळीत पाला साठून भोकं बुजतात. प्लास्टिक उचलून बघा. मागच्या सीटसमोरचा गालिचा मुठीने दाबून बघा, ओल लागली तर दाराच्या आतल्या पॅनलचं सील गेलंय. लॉरात हे नेहमीचं.

"सगळं ओके" या उत्तराला किंमत शून्य. गाडीचा नंबर घेऊन सर्व्हिस हिस्टरी मागा. कामाच्या यादीत टेन्शनर नसेल तर बदलण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा. मालक तयार झाला तर तिघींत माझी पसंती लॉरालाच. सुपर्ब १.८ आणि साध्या लॉराशी इंजिनाचे भाग जुळतात, मॅन्युअल आहे, आणि चेनचं काम एकदा नीट झालं की तिची सर्वांत मोठी भीती संपते.

पासिंग_आणि_कागद

कागदांचं राहिलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच मिळतं, म्हणजे २००५ च्या गाडीचं ते २०२० ला आणि पुन्हा २०२५ ला झालेलं असायला हवं. आरसीवर आजची वैधता बघा. फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. २० वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झाली आहे. साडेतीन लाखांच्या गाडीत हे धरायला हवं. २०१२ ची लॉरा २०२७ ला याच रांगेत येईल.

लॉरा राज्यातलीच आहे: फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, आणि कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत आणि फॉर्म ३५. गोव्याच्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने. हा आकडा सतरा लाखांच्या वर आहे. आधी कोल्हापूर आरटीओत गाडीचं वय आणि बिलाची किंमत सांगून टॅक्स काढून घ्या, मगच फोंड्याला किंवा पणजीला बघायला जा. एनओसी हातात येईपर्यंत टोकनपेक्षा जास्त पैसे देऊ नका.

रंकाळा_टर्बो

२३० यादीतून काढली. रविवारी सकाळी लॉरा, इंजिन थंड असताना. मालकाला तसं सांगितलंय. बोरोस्कोप आणि स्कॅनर गॅरेजवाल्याचा बरोबर नेतोय. लेथवाले दादा, टेन्शनर जुना निघाला आणि मालक भाव सोडत नसेल तर दुपारी ऑक्टाव्हिया बघतो. तेव्हा संप उतरवून बघायला मालक तयार होईल का, की झाकणातून टॉर्चवरच भागवायचं?

लेथवाला_उद्यमनगर

संप कुणी उतरवू देणार नाही, भाऊ. त्याऐवजी ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथं गेज लावायला सांगा, पंधरा मिनिटांचं काम आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडल आणि २००० आरपीएम असे दोन आकडे लिहून घ्या. आरपीएम वाढवूनही काटा जागचा फारसा हलत नसेल तर जाळी तुंबलीय किंवा पंप गेलाय. आकडे इथं टाका, बघून सांगतो.