कोलोरॅडोला आईबाबांना घेऊन जायचंय, उंचीचं कसं जमवावं?

मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नाशिकहून आईबाबा आलेत, ऑक्टोबरात परत जातील. त्याआधी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस कोलोरॅडोला जायचं चाललंय. ॲस्पेनची झाडं तेव्हा पिवळीधमक होतात. शिवाय बाबांचं "अमेरिकेत नुसते मॉलच का?" एकदाचं थांबेल.

बाबा ७१, गुडघे कुरकुरतात पण कबूल करत नाहीत. आई ६६, बीपीची गोळी चालू. मुलगा चौथीत.

खरी काळजी आईची आहे. काही वर्षांपूर्वी मनालीहून रोहतांगला गेलो होतो. वर पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली. आम्ही बर्फात फोटो काढत होतो आणि ती गाडीत डोळे मिटून, मुठीत आवळासुपारीची डबी धरून बसलेली. तेव्हापासून "डोंगर खालूनच छान दिसतात" हे तिचं ठाम मत. रोहतांग १३,००० फुटांवर, आणि रॉकी माउंटन नॅशनल पार्कातला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. म्हणजे तेच की हो!

नवऱ्याचा बेत असा: डेन्व्हरला उतरून थेट एस्टेस पार्क (रॉकी माउंटन पार्काच्या दारातलं गाव), दुसऱ्या दिवशी ट्रेल रिज, मग पाइक्स पीक, ग्रेट सँड ड्यून्स, डुरँगोची छोटी रेल्वे, मेसा व्हर्डी आणि परत डेन्व्हर. कागदावर झकास दिसतं. मला मात्र सहा दिवस गाडीत बसलेले पाच जण दिसतात.

यातलं काय गाळू? पहिल्या रात्री कुठे राहू? आणि ते पार्कचं वेळेचं परमिट नक्की काय प्रकरण आहे?

प्रतिसाद

डेन्व्हरजवळ बरीच वर्षं राहतोय म्हणून सांगतो, डुरँगो आणि मेसा व्हर्डी सरळ काढून टाका. डेन्व्हरहून डुरँगो एका बाजूने सहा-साडेसहा तास. त्या भागासाठी वेगळी ट्रिप करा.

तुम्ही नाशिकचे, म्हणून एक गंमत. डेन्व्हरचा विमानतळ ५,४३४ फुटांवर आहे. म्हणजे विमानातून उतरलात की कळसूबाईच्या माथ्यावर उभे! तेव्हा पहिल्या दोन रात्री डेन्व्हरलाच काढा. मग एस्टेस पार्क, साडेसात हजार फूट, तिथे दोन रात्री. ट्रेल रिज त्यानंतर. रोहतांगला त्रास होतो तो नुसत्या उंचीने नाही, झपाट्याने चढल्याने. पाणी सतत प्यायला लावा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) वगैरे आईंच्या डॉक्टरांना विचारूनच, बीपीची गोळी चालू आहे म्हणून मुद्दाम सांगतो. आणि वर डोकं दुखायला लागलं तर "थोडं थांबून बघू" नको, गाडी खाली वळवायची.

परमिट म्हणजे ठरलेल्या वेळेत पार्कात शिरायचं आरक्षण, ते दोन प्रकारचं असतं. बेअर लेकच्या रस्त्यासाठी वेगळं, बाकी पार्कसाठी वेगळं. सप्टेंबरची परमिटं १ ऑगस्टला सकाळी ८ वाजता सुटतात, तुमच्याकडे तेव्हा १० वाजलेले असतील. हुकलं तर आदल्या संध्याकाळी ७ वाजता काही सुटतात. ट्रेल रिजच्या बाजूला सकाळी ९ च्या आधी किंवा दुपारी २ नंतर शिरलात तर परमिट लागतच नाही. सप्टेंबरअखेर बर्फ पडून तो रस्ता एखादा दिवस बंदही होतो, एक दिवस हाताशी ठेवा.

बाबांसाठी स्प्रेग लेक. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, व्हीलचेअरही जाते. संध्याकाळी मोरेन पार्कच्या कडेला गाडी लावून बसा. तेव्हा एल्क हरणांच्या माजाचा काळ असतो. सांबराहून थोराड नर, आणि आवाज मात्र गंजलेल्या बिजागरीसारखा किर्र! एक पाऊलही चालावं लागत नाही. जवळ मात्र जायचं नाही.

प्रतिसाद

मुलगा चौथीत आहे ना? इथल्या चौथीच्या मुलांना नॅशनल पार्कांचा वर्षाचा पास फुकट मिळतो, गाडीतल्या सगळ्यांना चालतो. सप्टेंबरपासून नवा लागू होतो. ऑनलाइन व्हाउचर आधीच काढून ठेवा.

आणि एस्टेसला स्वयंपाकघर असलेलं घर घेणार असाल तर छोटा कुकर बॅगेत टाकाच. तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. आम्ही पातेल्यात तूरडाळ दीड तास शिजवली, तरी दाताखाली येत होती. शेवटी सासूबाईंनी तिची उसळ म्हणून वाढली.

धागाकर्ती

खूप खूप आभार! डुरँगो गेलं. नवरा थोडा रुसलाय, पाइक्स पीकवर अडून बसलाय. ते तर १४,११५ फूट. शेवटच्या दिवशी तो आणि लेक मॅनिटू स्प्रिंग्जहून रेल्वेने वर जातील, आम्ही तिघं खाली गार्डन ऑफ द गॉड्समध्ये. तिथे तिकीटही नाही.

आईला कळसूबाईचं वाचून दाखवलं. म्हणाली, "कळसूबाईला मी लग्नाआधी गेले होते, काही झालं नव्हतं." कुकर तिने आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.