साखरपुड्यानंतर मुलीचा आजार कळला, आई-पप्पांना कसं समजावू?

आम्ही मालाडचे मराठी कॅथलिक. धाकट्या भावाचा साखरपुडा झाला आणि नंतर मुलीला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते, असा दीर्घकाळचा आजार) असल्याचं निदान झालं. आई-पप्पा म्हणतात, अजून वेदीसमोर वचन दिलेलं नाही, मोडून टाक. चर्चच्या कायद्यातलं कलम १०६२ पाहिलं. साखरपुड्यावरून लग्नाची सक्ती करता येत नाही, हे खरं. पण भाऊ हलायला तयार नाही. रक्ततपासणीच्या रांगेत तिची फाइल घेऊन तोच उभा असतो. “आजारपणात साथ देईन, हे फक्त लग्नाच्या दिवसापासूनच का?” असं विचारतो. मला तर तोच बरोबर वाटतो.

आईला मुख्य धास्ती नातवंडांची. आजार किमान सहा महिने आटोक्यात असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मूल होऊ शकतं, पण माझं कोण ऐकतंय!

असा आजार सांभाळून संसार करणारं एखादं जोडपं घरी येऊन आई-पप्पांशी बोलेल का? बोरिवली-अंधेरीकडचं असेल तर बरं. आणि फादरांना आधी भावाने भेटावं की आई-पप्पांना सोबत न्यावं?