[मंडळ-यादी] फ्रीमाँट ते सिअ‍ॅटल, दोन कुत्रे आणि आई: कुठे कुठे थांबावं?

प्रेषक: अनघा, फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

यंदा गणपती बहिणीकडे बॉथेलला, सिअ‍ॅटलच्या जरा पुढे. चतुर्थी सोमवारी आहे. आम्ही गुरुवारी, १० सप्टेंबरला गाडीने निघतोय. गाडीत मी, नवरा, साताऱ्याहून आलेली आई (वय ७१), नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर साखर आणि शेल्टरमधून आणलेला दोन वर्षांचा खंड्या. साखरेचे गुडघे दुखतात. खंड्याला गाडीत उलट्या होतात. आई म्हणते, तिला दोन्हींचा त्रास आहे.

सगळे मिळून ८३० मैल होतात. मनात असं आहे: चहा-नाश्ता करून दहाला निघायचं, दोनच्या सुमारास रेडिंगला जेवण, रात्री ऑरेगनमधल्या मेडफर्डला मुक्काम. शुक्रवारी वाटेत क्रेटर लेक बघून संध्याकाळपर्यंत बॉथेल. कुत्र्यांना घेऊन आय-५ हायवेने कोणी गेलंय का? कुठे थांबता?

अनघा

प्रेषक: मंदार, सनीवेल

कुत्र्यांना बोर्डिंगमध्ये ठेव आणि विमानाने जा. दोन तासांत सिअ‍ॅटल.

प्रेषक: अनघा, फ्रीमाँट

मंदार, साखरेला मागच्या वर्षी बोर्डिंगमध्ये ठेवली होती. तीन दिवस जेवली नाही. विमानाचा सल्ला आईला आवडला, पण तो आपण बाजूला ठेवू.

प्रेषक: सुलभा, सॅक्रॅमेंटो

अनघा,

आम्ही हा रस्ता लॅब्रॅडॉर घेऊन सात-आठ वेळा केलाय. आधी बंड्या होता, आता त्याच्यानंतरची राणी. तुझ्या बेतात एकच चूक आहे, पण तिच्यामुळे पूर्ण बेत फिरतो. रेडिंगला दुपारी दोनला पोचायचं नाही.

सप्टेंबर म्हणजे गारवा, असं बे एरियातल्या माणसाला वाटतं. रेडिंग सेंट्रल व्हॅलीच्या अगदी टोकाला, तिन्ही बाजूंनी डोंगर. पहिल्या पंधरवड्यात तिथे पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेला तर कोणाला आश्चर्य वाटत नाही. तुम्ही जेवायला बसणार तेव्हा कुत्रे कुठे? गाडीत तर नाहीच. बाहेर ७० फॅरनहाइट असलं, म्हणजे आपण ज्याला छान हवा म्हणतो तेवढं, तरी बंद गाडीत अर्ध्या तासात १०४ होतं. शंभरचं काय होईल ते बोलायलाच नको. अशा गाडीत जीव अडकलेला दिसला तर पोलिसांना कळवून, दुसरा उपाय नसला तर काच फोडायची मुभा कॅलिफोर्नियाच्या कायद्याने वाटसरूलाही दिली आहे. बाहेर बांधून ठेवाल तर पार्किंगचं डांबर तापलेलं. तळहात डांबरावर ठेवून बघ. पाच-सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याचे पंजेही टेकवायचे नाहीत.

म्हणून थांबे रेडिंगच्या घड्याळावरून उलटे मोजत ये. सकाळी साडेनवाच्या आत रेडिंग ओलांडायचं, म्हणजे घरून साडेचारला निघायचं. आई चारला उठतच असतील, त्यांना त्रास नाही. त्रास तुम्हा दोघांना.

असं जा. हायवे ८० वरून व्हॅकाव्हिलला हायवे ५०५ धरलीस की डनिगनला आय-५ लागतो. पहिला थांबा मॅक्सवेल किंवा विलोजचा रेस्ट एरिया, म्हणजे हायवेकडेची विसाव्याची जागा. तोवर पावणेसातच्या आसपास उजाडलेलं असतं. इथे पंधरा मिनिटं पुरतात. पाणी, फिरणं, आईंचा थर्मासमधला चहा. रेडिंगला सनडायल ब्रिजपाशी थांब. २००४ साली बांधलेला, एका तिरप्या खांबावर तोललेला पूल, खाली सॅक्रॅमेंटो नदी. सकाळी तिथे सावली असते. पण पुलाची फरशी काचेची आहे. आमचा बंड्या मध्यावर जाऊन चारही पाय फाकून बसला, ४० किलोचं धूड उचलून आणावं लागलं. साखरेचे गुडघे बघता पुलावर नेऊच नकोस, नदीकाठच्या पायवाटेनेच फिरव.

रेडिंग सोडलं की रस्ता चढायला लागतो, शास्ता लेकवरून डन्सम्यूर, मग माउंट शास्ता गाव. गाव साधारण ३,६०० फुटांवर, रेडिंगपेक्षा बरंच गार. मोठा थांबा इथे घे. गावच्या पार्कात सॅक्रॅमेंटोचा उगम मानतात तो झरा आहे, लोक बाटल्या घेऊन रांगेत उभे असतात. डोक्यावर १४,१७९ फुटांचा शास्ता. जेवण पार्कातच, सोबत नेलेलं. कुत्रे असले की हॉटेलात जेवायचा मोह सोडायचा. दोघांपैकी एकाला कायम बाहेर उभं राहावं लागतं आणि मग घरी येईपर्यंत भांडण.

पुढे क्लॅमथ नदीच्या काठी कॉलियर रेस्ट एरिया आहे, हॉर्नब्रुकजवळ. मग सिस्कियू समिट, ४,३१० फूट, आख्ख्या आय-५ वरची सगळ्यात उंच जागा, आणि तिथून खाली अ‍ॅशलंड, मेडफर्ड. मेडफर्डही तापतं. तीनला खोली मिळते, एसी लावा आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडू नका. मोटेल सिक्स, ला क्विंटा सहसा कुत्रे घेतात, पण वेबसाइटवर विसंबू नकोस. त्या ठिकाणी स्वतः फोन करून विचार: दोन कुत्रे चालतील का, वजनाची अट आहे का, वेगळे किती घेता, आणि खालच्या मजल्यावरची खोली मिळेल का. शेवटचा प्रश्न साखरेसाठी.

क्रेटर लेक विसर. मेडफर्डहून एका बाजूला ७०-८० मैल, आणि तिथे कुत्रे फक्त पट्ट्यावर, मोकळ्या रस्त्याकडेला आणि मोजक्या पायवाटांवर. बाकीच्या पायवाटांवर आळीपाळीने जावं लागेल.

आता बंड्याचं प्रकरण, कारण तुमच्याकडेही मिनीव्हॅन असणार. आमच्या गाडीचं मागचं दार बटणावर सरकतं. एका रेस्ट एरियात यांनी गाडी लावली, मी पट्टा हातात घेऊन उतरले आणि यांनी सवयीने बटण दाबलं. पट्टा माझ्या हातात आणि बंड्या ट्रकांच्या रांगेत! पलीकडे ७० मैलांच्या वेगाने हायवे. वीस मिनिटं आम्ही दोघं «बंड्या, बंड्या» करत धावतोय. शेवटी एका ट्रकवाल्याने खाली बसून बीफ जर्कीचं पाकीट नुसतं खुळखुळवलं, आणि बंड्या साहेबांसारखा चालत गेला. त्या दिवसापासून दाराचं बटण बंद करून ठेवलंय. इंजिन बंद, आत बसूनच पट्टा अडकवायचा, टोक हाताला गुंडाळायचं, मग दार. गळ्यातल्या बिल्ल्यावर मोबाइल नंबर चालू आहे ना तेवढं बघ. मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीतला पत्ताही जुना नको.

धुराचं एक. २०१८ च्या सप्टेंबरात रेडिंगच्या उत्तरेला डेल्टा फायर नावाचा वणवा पेटला आणि आय-५ कित्येक दिवस बंद होता. आम्ही तेव्हा विलोजवरून परत फिरलो. आदल्या रात्री कॅलट्रान्सचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचा, नकाशा आणि हवेचा दर्जा दोन्ही बघ.

सुलभा

ता. क. येताना बहिणीच्या कुंडीतला कढीपत्ता आणू नकोस. हॉर्नब्रुकला कॅलिफोर्नियाची शेतमाल तपासणी चौकी आहे, परतताना सगळ्यांना तिथून जावं लागतं. लिंबू-संत्र्याच्या बागांचा नाश करणारा रोग ज्या किडीतून पसरतो, तिला कढीपत्ता फार आवडतो. माझी जुडी गेली आहे.

प्रेषक: नेहा, पोर्टलंड

सुलभाताईंचं सगळं मान्य. मी व्हेटच्या (जनावरांच्या डॉक्टरच्या) क्लिनिकमध्ये काम करते, तर दोन गोष्टी.

पहिली, डबे. गणपतीचा प्रवास म्हणजे गाडीभर खाऊ, आणि आई-आजी कुत्र्याला हळूच भरवतातच. बेदाणे घातलेले बेसनलाडू किंवा पंचखाद्य त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे धोका याचा नेम नाही. कांदा-लसूणही नको, म्हणजे थालीपीठ आणि लसणाची चटणी बाद. पर्समधलं बिनसाखरेचं च्युइंग गमही, त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो पदार्थ असेल तर. साधा दहीभात, फोडणी न घातलेला, चालेल. खंड्याला निघायच्या तीन-चार तास आधी थोडंसंच खायला द्या, मग मुक्कामी पोचेपर्यंत पाण्यावर ठेवा. उलटीवर गोळी मिळते, पण ती तुमच्या व्हेटकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या, आणि आठवडाभर आधी जवळच्या फेरीवर एकदा देऊन बघा.

दुसरी गोष्ट आमच्याकडची. ऑरेगन-वॉशिंग्टनच्या नद्यांकाठी मेलेला सामन किंवा ट्राउट पडलेला असतो. कच्चा मासा कुत्र्याने खाल्ला तर त्यातल्या जंतामधून एक जिवाणू शरीरात जातो. आठवडाभराने ताप, उलट्या, जुलाब, आणि उपचार झाला नाही तर कुत्रं दगावतं. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर बरं होतं. परत गेल्यावर खंड्याने जेवण टाकलं तर फ्रीमाँटच्या व्हेटला «ऑरेगनला मासा खाल्ला असेल» हे आपणहून सांगा. तिकडे हा आजार चटकन कोणाच्या डोक्यात येत नाही.

प्रेषक: विश्वास, यूजीन

नेहाने मासा सांगितला, मी कुसळं सांगतो. आमची विलामेट व्हॅली म्हणजे गवताच्या बियाण्याचं कोठार. कॅलिफोर्नियातही रेस्ट एरियाच्या कडेला वाळलेलं कुसळी गवत असतंच. कुसळाचं टोक पुढे घुसतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात. आमच्या कुत्रीच्या पंजातलं काढायला भूल द्यावी लागली होती. प्रत्येक थांब्यानंतर गाडीत घेण्याआधी चारही पाय आणि कान बघायचे. कुत्रं एकदम शिंका द्यायला लागलं किंवा डोकं झटकायला लागलं तर थांबून बघायचं, पुढच्या एक्झिटची वाट बघायची नाही.

शुक्रवारी सकाळी मेडफर्ड सोडलंत की व्हॅली ऑफ द रोगला थांबा, एक्झिट ४५ बी. स्टेट पार्क हायवेला लागूनच आहे, नदीकाठी सपाट पायवाट, साखरेला सोपी. पेट्रोलचं एक सांगतो: ऑरेगनमध्ये पूर्वी स्वतः भरायला बंदी होती, २०२३ पासून मुभा आहे, पण बऱ्याच पंपांवर अजून माणूस येतो. तो खिडकीशी वाकला की आमची कुत्री त्याच्या टोपीवर झेप घेते. काच वर ठेवा, कार्ड फटीतून द्या.

पोर्टलंडहून पुढे वॉशिंग्टनमध्ये गी क्रीक, टूटल रिव्हर असे रेस्ट एरिया आहेत, दोन्ही ठीक. टकोमाच्या आधी शुक्रवारी दुपारी गर्दी असणारच, त्याला इलाज नाही.

आणि मेडफर्ड ते यूजीन १६५ मैल. इथे आमचं अंगण आहे, कुंपण पाच फुटी, नळ बाहेर. कुत्रे सोडा, आईंना पलंगावर तासभर पडू द्या. रेस्ट एरियाच्या बाकावर ७१ व्या वर्षी कशाला बसवता त्यांना?

प्रेषक: मंदार, सनीवेल

खंड्याला उलटी झाली की सीट पुसायला काय वापरता? आमच्या मांजरीचा प्रश्न आहे.

प्रेषक: सुलभा, सॅक्रॅमेंटो

जुनी सुती साडी, पाचवारी, चार घड्या करून सीटवर. वर काहीही होवो. एन्झाइमवाला स्प्रे डागाला.

प्रेषक: अनघा, फ्रीमाँट

सगळ्यांचे आभार. बेत बदलला. क्रेटर लेक रद्द. गुरुवारी पहाटे साडेचारला निघणार. आईला सांगितलं तर म्हणाली, «मग मला अडीचला उठवा, मी आंघोळ-पूजा करूनच निघणार.» आणि सकाळी तुमची पत्रं वाचून दाखवली तेव्हा लाडवाचा डबा तिने मुकाट्याने वरच्या फळीवर ठेवला. खंड्याला रोज अर्धा लाडू जात होता असं आज कळलं. बेदाणे ती काढून घेत होती म्हणते. तरी व्हेटला फोन केला, रक्त तपासून झालं, ठीक आहे.

मेडफर्डला तीन ठिकाणी फोन केले. वेबसाइटवर कुत्रे चालतात म्हणणाऱ्या एका मोटेलने दोन चालत नाहीत म्हणून सांगितलं. दुसरीकडे खालची खोली मिळाली, मागे गवत आहे. कुसळं आहेत का ते विचारलं तर पलीकडच्या मुलीला माझा प्रश्नच कळला नाही.

विश्वासदादा, शुक्रवारी साडेदहा-अकरापर्यंत पोचतो. वहिनींना म्हणावं जेवणाचा घाट घालू नका, फक्त चहा. आईला बिनसाखरेचा. साखर अंगणात बसेल.