मदत हवी आहे: टचडाऊन रद्द झाला, तरी कोचने लाल फ्लॅग का नाही टाकला?

वेंधळा_वऱ्हाडी:
रविवारी साहेबाने घरी अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला बोलावलंय. तीन दिवस जुन्या क्लिपा बघतोय, डोक्याचं पार भजं झालंय. एका क्लिपमध्ये एकाने बॉल झेलला, पळता पळता मागच्याकडे फेकला, तो सुसाट जाऊन शेवटच्या रेषेपार, म्हणजे टचडाऊन! सगळे नाचतायत आणि मग कळतं, रेफ्रीचा पिवळा फ्लॅग पडलाय, म्हणजे फाउल. टचडाऊन रद्द. दंड म्हणे ५ यार्ड. अरे मग ५ कापा ना, अख्खा टचडाऊन कशाला? आणि रिव्ह्यूसाठी कोचकडे लाल फ्लॅग असतो ना, तो का नाही टाकला? लवकर सांगा. नियम वाचायला लावू नका, झोप येते.

जर्सीकर:
कुठली मॅच? एनएफएल (प्रो लीग) की कॉलेज? दोन्हीचे नियम वेगळे. कॉलेजला झेल घेताना एक पाय आत पडला तरी चालतो, एनएफएलला दोन्ही लागतात.

वेंधळा_वऱ्हाडी:
लाल कपडेवाले आणि पांढरे.

चिंगुडी:
निम्मी लीग झाली की हो यात 😀

लुईझियानाकर:
रेफ्रींचं नाव काढू नका. जानेवारी २०१९, आमची टीम सेंट्स विरुद्ध रॅम्स. बॉल पोचायच्या आधीच रॅम्सच्या गड्याने आमच्या माणसाला आडवा केला, साऱ्या स्टेडियमने पाहिलं, फ्लॅग नाही! ओव्हरटाइममध्ये २६-२३ ने गेलो. मग पुढच्या सीझनला पास इंटरफिअरन्सवर (असं झेलणाऱ्याला आधीच अडवणं) कोचला चॅलेंज, म्हणजे रिव्ह्यू मागायची सोय, आणली, वर्षभरात गुंडाळली.

जर्सीकर:
अहो, तिथे फ्लॅग पडला नव्हता, यांच्याकडे पडलाय. उलटी केस आहे. वऱ्हाडी, झेलणाऱ्याचा नंबर काय?

वेंधळा_वऱ्हाडी:
८७. फरक पडतो का?

जर्सीकर:
आधी सांगायचं ना! ट्रॅव्हिस केल्सी. १० डिसेंबर २०२३, चीफ्स-बिल्स. केल्सीने बॉल मागे कडेरियस टोनीकडे फेकला. पण हा टोनी स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू करतात त्याच्या) आधीच बॉलच्या रेषेच्या पुढे उभा होता, ऑफसाइड. फाउल प्ले सुरू होतानाच झाला, म्हणून पुढचं सगळं पुसलं. ५ यार्ड मोजतात ते प्ले जिथून सुरू झाला तिथून मागे, आणि तोच डाऊन (प्रयत्न) पुन्हा. बिल्सना दंड नाकारता आला असता, पण टचडाऊन कोण देईल आंदण? बिल्स २०-१७ जिंकले.

लाल फ्लॅगचं म्हणाल तर सव्वा मिनिट उरलं होतं. शेवटच्या दोन मिनिटांत कोचला चॅलेंज नसतं, रिव्ह्यू रिप्ले अधिकारी मागतो. आणि वेळ असता तरी ऑफसाइड रिव्ह्यूत बसतच नाही. झेल पुरा झाला का, पाय रेषेच्या आत होता का, गुडघा टेकायच्या आधी बॉल सुटला का, असलं बघतात.

डीआरएसभक्त:
म्हणजे रेषेच्या पुढे उभा होता की नाही हे कॅमेऱ्यात दिसत असून बघायचं नाही? आपल्याकडे क्रिकेटमध्ये पुढच्या पायाचा नो-बॉल टीव्ही अंपायर बघतो.

जर्सीकर:
तिथे एक पाय बघायचा असतो. इथे २२ माणसं. एकदा दंड रिव्ह्यूत घेतले की होल्डिंग (धरून अडवणं) दर प्लेला सापडेल, रविवारची मॅच सोमवारी संपेल.

लुईझियानाकर:
रेफ्रींचे वकील भेटले.

पुणेरी_क्वार्टरबॅक:
प्रत्येक कोचला दोन चॅलेंज. दोन्ही जिंकली तरच तिसरं. हरलं की एक टाइमआउट (खेळ थांबवायची संधी) जातो.

चिंगुडी:
जुना नियम. २०२४ पासून दोनातलं एक जिंकलं तरी तिसरं मिळतं.

पुणेरी_क्वार्टरबॅक:
मी १५ वर्षं बघतोय.

चिंगुडी:
म्हणूनच जुना.

आजीची_वही:
साहेबाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. कोथिंबीर वडी न्या. वाफवून ठेवा, ऐनवेळी एअर फ्रायरला लावा. तेलकट होत नाही.

डीआरएसभक्त:
अवांतर होतंय. तळलेलीच चांगली लागते.

वेंधळा_वऱ्हाडी:
टचडाऊनचं कळलं, जर्सीकर. टोनीचा पाय आता थांबवून थांबवून बघितला, खरंच पुढे आहे. साहेब चीफ्सवाला निघाला तर ही क्लिप काढत नाही.
आजी, वड्या किती मिनिटं?

आजीची_वही:
१८० ला १२. मध्ये एकदा उलटा.