मदत हवी आहे: बोटांकडे रुंद, टाचेला अरुंद पायासाठी ट्रेकिंगचे बूट

नमस्कार मंडळी,

पाच दिवसांच्या ट्रेकची तयारी करतेय. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा सगळं पाठीवर, म्हणजे सॅक १२-१३ किलोंची होणार. बाकी सगळं जमलंय, घोडं अडलंय ते बुटांपाशी.

माझा पाय बोटांकडे रुंद आणि टाचेला अरुंद आहे. नेहमीच्या मापाचा बूट घेतला की उतारावर अंगठा पुढे आपटतो. मागच्या वेळी नख काळं पडून शेवटी गळलंच. एक नंबर मोठा घेतला तर चढावर टाच आत वरखाली होते आणि दोन तासांत फोड. संध्याकाळी पाय जरा सुजलेले असताना, जाड लोकरी मोजे घालून माप बघायचं, लेस न बांधता पाय पुढे सरकवून टाचेमागे बोट मावतंय का पाहायचं, हे सगळं करून झालंय. दुकानात छानच वाटतं. ओझं घेऊन उतरायला लागलं की खरं कळतं.

लेस घोट्याच्या वळणाशी दुहेरी पीळ देऊन आवळली, की टाच जागेवर राहते म्हणतात. लांबच्या चालीत ती गाठ टिकते का? की आतला सोल बदलल्याने जास्त फरक पडतो? वॉटरप्रूफ अस्तराबद्दलही मन साशंक आहे, कारण वरून पाणी शिरलं की ते बूट लवकर वाळत नाहीत.

अशाच ठेवणीचा पाय असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. निघायला दीड महिना आहे, आणि त्यात बूट पायात रुळायलाही हवेत.